करडईचं तेल

शनिवारी दुपारी फोन वाजला तेव्हा विजयश्री कुकरची शिट्टी टाचणीनं कोरत बसली होती. नंबर ओळखीचा नव्हता. प्लॉट घ्यायचा का, विमा उतरवायचा का असं विचारणारं कुणीतरी असणार म्हणून तिनं जरा तिरसटपणेच ‘‘कोन?’’ म्हटलं. पलीकडची मुलगी म्हणाली, ‘‘मावशी, मी प्रेरणा.’’ शिट्टी हातातून सुटली आणि ओट्याखाली गडगडत गेली. विजयश्रीला मावशी म्हणू शकेल असं जगात एकच माणूस होतं आणि ते तिनं एकदाच पाहिलं होतं. तेव्हा ते आठ महिन्यांचं होतं, तिच्या धाकट्या बहिणीच्या, अंजूच्या कडेवर बसलं होतं आणि त्याच्या कपाळावरची काजळाची तीट घामानं ओघळली होती. त्याला एकोणीस वर्षं झाली. आता तेच माणूस खणखणीत आवाजात सांगत होतं की उद्या रेल्वेची परीक्षा आहे, सेंटर गुलबर्ग्याला आलंय, पेपर बाराला सुटतो, सोलापूरची गाडी साडेचारला आहे, नंबर तानाजीमामाकडून घेतला, मम्मीला सांगितलेलं नाही. एवढं धडाधडा बोलून झाल्यावर मात्र तिचा आवाज बारीक झाला. ‘‘येऊ का, मावशी?’’

येऊ का. असं कुणी विचारतं का सख्ख्या मावशीला?  ‘‘ये की,’’ विजयश्री म्हणाली, मग आपण फारच कमी म्हणालो असं वाटून, ‘‘ये, ये माय, जेवायलाच ये,’’ म्हणाली, आणि पुढं काय बोलावं ते न सुचून, ‘‘काय आवडतंय तुला? काय करू?’’ असं विचारून बसली. जेवण नको, पोरगी म्हणाली, परीक्षेच्या दिवशी मला जेवण जात नाही. मग हसली. ‘‘मम्मी घरी चॉकलेटचं आइस्क्रीम करते. काडीचं, वरून चॉकलेट लावलेलं. तेवढं मला कधीही जातं. पण राहू द्या, मी आपली गंमत केली.’’ फोन बंद झाला तरी विजयश्रीनं तो बराच वेळ कानाला लावून ठेवला.

म्हणजे अंजू अजून ते करते. बाहेरच्या खोलीत कूलरसमोर आडवे झालेले अण्णाराव, तिचे यजमान, ‘‘कोन होतं गं?’’ म्हणून दोनदा ओरडले, पण ती तेव्हा घरात नव्हतीच. ती माहेरी, खटकचिंचोळीत होती. ती अकरा वर्षांची, अंजू आठची. मामाच्या लग्नाला हैदराबादला गेले होते सगळे, आणि तिथं कुणा हौशी पाहुण्यानं दोघींच्या हातात एकेक चॉकलेटचं आइस्क्रीम दिलं होतं. दात लावला की वरचं कवच कट् करून मोडायचं. गावी परत येईस्तोवर चव विसरली, पण तो कट् काही अंजूच्या डोक्यातून जाईना. ज्वारीची वाळलेली भाकर मोडली की ती कान लावायची, पापड मोडला की कान लावायची आणि मान हलवायची, ‘‘तसा न्हाई, अक्का.’’ शेवटी एका उन्हाळ्यात तिनं ते घरीच करायचं ठरवलं. गावात फ्रिज एकच, गुरप्पाच्या दुकानात. तांब्याभर ताक आणून देण्याच्या बोलीवर त्यानं दोन पेले बर्फाच्या कप्प्यात ठेवू दिले. पेल्यात आटवलेलं दूध आणि मधोमध धुतलेली खराट्याची काडी. चॉकलेट म्हणून गुरप्पाच्याच बरणीतल्या तपकिरी गोळ्या. दुसऱ्या दिवशी मायचा, म्हणजे राजूबाईचा दुपारचा डोळा लागल्यावर दोघींनी फोडणीच्या पळीत करडईचं तेल तापवलं आणि गोळ्या त्यात सोडल्या. दुसरं तेल घरात होतं कुठं? अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या रानात करडई व्हायची, तिचे काटे लागून काढणीच्या दिवसांत सगळ्यांचे हात रक्ताळायचे, आणि मग भालकीच्या घाण्यावरून तेलाचे डबे यायचे. भाजीला तेच, चटणीवर तेच, गरम भाकरीवर मीठ टाकून तेच. तर ते काळं तेल पळीनं दुधाच्या कांडीवर ओतलं ते थेट कोपरापर्यंत आलं. दोघी कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसल्या. अंजूनं दात लावला, थांबली, ऐकलं. काहीच वाजलं नाही. ‘‘अक्का,’’ ती फार गंभीरपणे म्हणाली, ‘‘आपल्या चाकलेटाला हाड न्हाई.’’ दोघी हसून हसून कडब्यात लोळल्या. संध्याकाळी पोटं बिघडली, मायनं दोघींच्या पाठीत धपाटे घातले आणि ती पळी तीनदा राखेनं घासायला लावली.

‘‘काय करायलीस एवढ्या उन्हाचं?’’ अण्णाराव दारात येऊन उभे राहिले. विजयश्रीनं दूध आटवायला ठेवलं होतं आणि फोनवर कुणा बाईचा आइस्क्रीम करण्याचा व्हिडिओ लावला होता. ‘‘आइस्क्रीम,’’ ती म्हणाली. ‘‘कोपऱ्यावर मिळतंय की विकत.’’ ‘‘विकतचं नको. अंजूची पोरगी येतीया उद्या.’’  अण्णारावांनी डोक्यावरचे विरळ केस उगाच सारखे केले. एरवी चारच्या आत उंबरा न ओलांडणारा हा माणूस मग चप्पल घालून बाहेर पडला आणि अर्ध्या तासानं घामाघूम होऊन आला तो हातात काड्यांचं पुडकं घेऊन, शाळेतली पोरं घराचे नमुने करायला वापरतात त्या चपट्या काड्यांचं, आणि चॉकलेटच्या दोन लाद्या. ‘‘व्हिडिओत काड्या दिसल्या म्हणून,’’ ते म्हणाले आणि पुन्हा कूलरसमोर जाऊन पडले.

व्हिडिओतली बाई चांगली समजावून सांगत होती. आटवलेल्या दुधात साय घाला, साचे नसतील तर पेले चालतील, घट्ट जमू द्या. इथवर ठीक. मग ती म्हणाली, उकळत्या पाण्यावर वाडगं धरून चॉकलेट विरघळवा आणि त्यात चार चमचे खोबरेल तेल घाला. विजयश्रीनं व्हिडिओ थांबवला. खोबरेल तेल! ते डोक्याला लावायचं, तान्ह्या पोराच्या टाळूवर थापायचं, बिजागरी कुरकुरली तर तिच्यात सोडायचं. ते समुद्राकडचे लोक खातात म्हणे, खाऊ देत बापडे. पण आपल्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या पोरीच्या तोंडात केसांचं तेल घालायचं? तेल ते तेल, असं म्हणून तिनं करडईचा डबा काढला आणि हाताला सवय होती तेवढं, दोन पळ्या भरून, घातलं. विरघळलेलं चॉकलेट काय सुरेख चमकत होतं. संध्याकाळी जमलेल्या कांड्या पेल्यातून सोडवून तिनं एकेक त्यात बुडवली आणि ताटलीत मांडून फ्रीझरमध्ये ठेवली. तासाभरानं काढून पाहिल्या तर बोट लावावं तिथं बोटाचा ठसा. चॉकलेट घसरून ताटलीत साचलेलं, वर दूध उघडं पडलेलं. सहाच्या सहा तशाच. तिनं एक उचलली आणि ते गार, चिकट चॉकलेट तिच्या तळहातावर आलं. तिनं मूठ मिटली.

मूठ मिटल्यावर जे आठवू नये ते आठवलं. रत्नपाल भालकीच्या कॉलेजात अंजूच्या पुढच्या वर्गात होता. मंठाळचा, बौद्धांच्या घरचा. त्याचे वडील माणिकराव शाळामास्तर, त्यांनी तालुक्यातली अर्धी पोरं शिकवलेली. अप्पासुद्धा रस्त्यात भेटले तर ‘गुरुजी’ म्हणून हात जोडायचे. पण हात जोडणं निराळं आणि सोयरीक जोडणं निराळं. दोघांनी बिदरला रजिस्टर लग्न केलं, रत्नपालला सोलापूरला रेल्वेत नोकरी लागली होती तिकडं निघून गेली, आणि अप्पांनी सांगून टाकलं की तिचं नाव या घरात निघालं न्हाई पायजे. विजयश्री तेव्हा लग्न होऊन इथं आलेली. तिला कुणी काही विचारलं नाही आणि तिनंही काही म्हटलं नाही. मनात मात्र धरून होती की अंजू आली तर माझ्याकडं येईल. आणि तशी ती आलीच की! मेमधल्या भर दुपारी, न कळवता, पोरीला कडेवर घेऊन. ‘‘पोरगी दाखवायला आणली, अक्का.’’ तिच्या चेहऱ्यावर ते कडब्यामागचं हसू होतं. मागं सोप्यात सासूबाई बसल्या होत्या. ‘‘कोन हाय गं?’’ त्यांनी विचारलं, आणि कोण आहे ते त्यांना दिसत होतं. विजयश्री ‘‘थांब’’ म्हणाली. बहिणीला, उन्हातून आलेल्या लेकुरवाळीला, थांब म्हणाली आणि आत गेली. उन्हातून आलेल्या कुणालाही, अगदी मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा, या घरात आत बसवून गूळ-पाणी द्यायची रीत होती. सासूबाईंनीच ती लावलेली. तिनं गिलास भरला, डब्यातून गुळाचा खडा घेतला, सोप्यातून येताना सासूबाईंच्या डोळ्यांना डोळे भिडले, आणि खडा घेतलेली मूठ आपोआप पदराआड गेली. दारात तिनं नुसतं पाणी दिलं. आत ये म्हणायचं होतं. दोनच शब्द, ते गळ्यापर्यंत आलेही होते. अंजू तिच्या तोंडाकडं बघत राहिली, मग पाणी प्यायली, थोडं हाताच्या ओंजळीत घेऊन पोरीच्या तोंडाला लावलं, गिलास उंबऱ्यावर पालथा ठेवला आणि गेली.  पार कोपऱ्यापर्यंत ते बाळ मागं वळून बघत होतं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘त्यो गिलास भाईरच, तुळशीपाशी ऱ्हाऊ दे.’’ विजयश्रीनं मूठ उघडली तेव्हा गूळ वितळून बोटांच्या बेचक्यांत गेला होता.

रात्री अण्णारावांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘‘आत बलवायचं हुतंस की.’’ त्यांनी रागवायला हवं होतं, म्हणजे तिला त्यांच्यावर ढकलता आलं असतं. सोलापूर दोन तासांच्या रस्त्यावर. रोज इतक्या गाड्या जातात. एकोणीस वर्षांत ती काशीला जाऊन आली, आणि सोलापूर स्टेशन आलं की जाताना-येताना दोन्ही वेळा डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं. अप्पा गेले, माय गेली, अंजूला कळवलं ते भावानं, तानाजीनं, दोन्ही वेळा ती माती झाल्यावर येऊन, लांबून बघून गेली. विजयश्री बायकांच्या गर्दीत बसून राहिली. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हा तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर तिनं तुळशीपाशी झिजलेला तो गिलास आत आणला, घासला आणि तेव्हापासून ती स्वतः त्यातूनच पाणी पिते. त्यानं कुणाचं काय भलं झालं, हे तिलाही ठाऊक नाही.

हात धुवायला म्हणून ती मोरीत गेली आणि तिथल्या कोनाड्यात खोबरेलाची निळी बाटली दिसली तेव्हा तिला एकदम उमगलं. दिवाळीत या बाटलीतलं तेल थिजून दगड होतं. पहाटेच्या अंघोळीआधी ती चुलीशेजारी ठेवावी लागते. करडई थिजत नाही, कितीही थंडी पडो. म्हणजे व्हिडिओतली बाई खरी आणि आपण शहाण्या! ती तशीच पायात चपला सरकवून शरणम्माच्या दुकानात गेली. ‘‘खायचं खोबरेल पाहिजे.’’ शरणम्मा तराजूवरून बघत राहिली. ‘‘खायचं? अक्का, खोबरेल कोन खातंय? लावायचं हाय, मस्त वासाचं.’’ शेवटी आतल्या फळीवरून धूळ बसलेली एक बिनवासाची बाटली निघाली. रात्रीच दूध जमायला ठेवून रविवारी सकाळी विजयश्रीनं दुसऱ्या सहा कांड्या केल्या. चॉकलेट लागता लागता जमलं, वर पांढरं दव धरलं, नखानं टिचकी मारली तर वाजलं. आधीच्या सहा टाकवेनात. अन्न ते अन्न. त्या तिनं स्टीलच्या डब्यात घालून फ्रीझरच्या अगदी मागं ढकलून दिल्या.

पोरगी आली ती दारात चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. उंची रत्नपालची, पण उभं राहण्याची तऱ्हा, एका पायावर भार टाकून, अंजूचीच. विजयश्रीनं तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. सोप्यातून, सासूबाईंच्या रिकाम्या खुर्चीजवळून, तिला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली. गुळाचा खडा ताटलीत ठेवला होता तरी तो उचलून तिच्या तळहातावर ठेवला. पोरीनं तो तोंडात टाकला, पाणी प्यायली, आणि खुर्ची होती तरी टुणकन उडी मारून ओट्यावर बसली, गॅसच्या बाजूला, पाय हलवत. या ओट्यावर कधी कुणी बसलं नव्हतं. विजयश्रीला सासूबाईंचा आवाज ऐकू येईल असं वाटलं, पण आला नाही.

‘‘पेपर कसा गेला?’’ ‘‘गणित गंडलं, मावशी.’’ मग अण्णाराव आले, ‘‘खा, खा, तुझ्या मावशीनं कालपासून घर डोक्यावर घेतलंय,’’ म्हणून आपली एक कांडी घेऊन बाहेर गेले. प्रेरणानं तिची घेतली, दात लावला. कट्. इतका स्वच्छ, इतका मोकळा तो आवाज, हैदराबादचा, सगळ्या उन्हाळ्यांच्या पलीकडचा. अंजूनं तो ऐकायला हवा होता, असं विजयश्रीला वाटलं. ‘‘मस्त झालंय, मावशी,’’ पोरगी म्हणाली. शहाणी पोरगी. विजयश्रीला ते ‘मस्त’ कळलं. ‘‘तुझ्या मम्मीसारखं न्हाई?’’ ‘‘नाही, हे एकदम दुकानातल्यासारखं आहे. मम्मीचं कसं, वेगळं असतं.’’ आणि तिनं नीटपणे, मन मोडू नये म्हणून, दुसरा घास घेतला. विजयश्री हसली खरी. पण तिला वाटलं, संपलं. एकोणीस वर्षांत अंजूनं स्वतःच काहीतरी निराळं शिकून घेतलं, निराळ्या घरात, निराळ्या बायकांकडून, आणि त्यात आपला काडीचाही भाग राहिला नाही. राहावा असं आपण केलं तरी काय होतं?

‘‘अजून थोडं गार पाणी घेऊ?’’ म्हणत पोरगी ओट्यावरून उतरली, स्वतःच्या घरी करावं तसं बेधडक फ्रीझर उघडला, बर्फ शोधायला मागं हात घातला आणि तो स्टीलचा डबा बाहेर आला. ‘‘ते नको, ते बिघडलंय,’’ विजयश्री म्हणेपर्यंत झाकण उघडलं होतं. पोरीनं त्यातली एक वेडीवाकडी, अर्धी नागडी कांडी काढली. चॉकलेट लगेच तिच्या मनगटाकडं निघालं. तिनं ते जिभेनं अडवलं, आणि तशीच थांबली. ‘‘मावशी! हेच की! यात तेल कुठलं घातलंय?’’

‘‘करडीचं. चुकून घातलं गं.’’

‘‘मम्मी पण करडीचंच घालते! सोलापुरात मिळतं तरी भालकीच्या घाण्याचंच पाहिजे म्हणून पप्पांना पाठवते. मैत्रिणी हसतात आम्हाला. सगळ्यांचं कडक होतं, आमचंच घरभर गळतं. पप्पा म्हणाले, अगं, खोबरेल घालून बघ. तर म्हणते, नको, आपल्या चॉकलेटला हाड नसतंय.’’

विजयश्रीनं ओट्याची कड धरली. पोरगी बोलतच होती. तिनं खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन कधी धरला ते कळलंच नाही. ‘‘मम्मी, चिडू नको. मी मावशीकडं आहे. अगं, गुलबर्ग्यात. मावशीनं तुझ्यासारखंच केलंय, हाड नसलेलं. बोल,’’ आणि तिनं फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला, पुन्हा टुणकन वर चढून बसली. फोनमधून सोलापूरच्या कुठल्याशा गल्लीतला भाजीवाला ओरडताना ऐकू येत होता. तो ओरडत पुढं गेला.

‘‘अक्का.’’ आवाज थोडा जाड झाला होता, बाकी तोच.

‘‘व्हय.’’

‘‘पोरगी कुटं बसलीय?’’

विजयश्रीला नीट कळलं काय विचारलंय ते. ‘‘आत,’’ ती म्हणाली. ‘‘सैपाकघरात. ओट्यावर चढून बसलीय.’’

‘‘तुझ्या सासूच्या ओट्यावर?’’

‘‘व्हय.’’

 पोरीचं पाय हलवणं थांबलं होतं. ती एकदा फोनकडं, एकदा मावशीकडं बघत होती. विजयश्रीनं तोंड उघडलं. क्षमा कर म्हणावं, कशी आहेस म्हणावं, काहीही म्हणावं. पण गळ्यात इतकी वर्षं दोनच शब्द अडकलेले, ते निघाल्याशिवाय मागचं काही बाहेर यायला वाट नव्हती. ती त्या फोनवर वाकली, दारात उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तशी.

‘‘आत ये, अंजू.’’

 अंजूनं नाक ओढल्याचा आवाज आला.

‘‘त्या दिवशी तुझ्या मुठीत गूळ हुता, अक्का,’’ ती म्हणाली. ‘‘मला दिसला हुता.’’